‘सहा महिने दिवस, सहा महिने रात्र’ हे वाक्य आता थांबवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेच्या सहलीवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती, लिखाणही ओघवते होते. पण नॉर्वेत सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते, असे त्यात सरळ म्हटले आहे. शेवटी तर जून-जुलैत गेल्यास मध्यरात्रीचा (म्हणजे न मावळणारा) सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दोन्ही एकाच फेरीत पाहून होतात, असा सल्लाही दिला आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत. मिरजेच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. लेक-जावई नोकरीसाठी उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात राहतात, त्यामुळे तिथला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही मी राहून पाहिले आहेत. वर्तमानपत्रात छापून आलेले आमच्या भागात अजूनही प्रमाण मानतात. मुले तेच परीक्षेत लिहितात, आणि मोठी माणसे त्यावर विसंबून लाखांनी पैसे भरतात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

‘सहा महिने दिवस, सहा महिने रात्र’ हे वाक्य पृथ्वीवरच्या फक्त दोन बिंदूंना लागू पडते, उत्तर ध्रुवाला आणि दक्षिण ध्रुवाला. उत्तर ध्रुवावर तर जमीनच नाही, गोठलेला समुद्र आहे. दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचे अमुंडसेन-स्कॉट संशोधन केंद्र आहे आणि तिथे मोजकी माणसे हिवाळा काढतात. ती सोडली तर इतक्या लांब रात्रीत जगात कोणी राहत नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, अलास्का इथले लोक राहतात ते ध्रुवावर नव्हे, ध्रुवाभोवतालच्या पट्ट्यात किंवा त्याच्याही दक्षिणेला.

बरे, ध्रुवावर तरी ते वाक्य तंतोतंत खरे आहे का? तेही नाही. उत्तर ध्रुवावर सूर्य मार्चमधल्या विषुवदिनाच्या दोन-तीन दिवस आधीच दिसू लागतो आणि २५ सप्टेंबरच्या सुमारास दिसेनासा होतो. म्हणजे सूर्य क्षितिजाच्या वर असण्याचे दिवस सुमारे १९० भरतात. याला कारणे दोन. हवेचा थर सूर्यकिरणांना वाकवतो, त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाच्या किंचित खाली असला तरी आपल्याला वर दिसतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा भराभर पुढे सरकते, आणि जुलैत लांब असते तेव्हा सावकाश. म्हणून मार्च ते सप्टेंबर हा काळ सप्टेंबर ते मार्च या काळापेक्षा साधारण आठवड्याने मोठा असतो. तो जादा आठवडा उत्तर ध्रुवाच्या वाट्याला येतो, दक्षिणेच्या नाही.

आणि सूर्य मावळला म्हणजे काळोख झाला असेही नाही. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. ध्रुवावर तो इतका हळू खाली जातो की संधिप्रकाश आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की आकाशातला त्याचा शेवटचा उजेड संपतो. उत्तर ध्रुवावर ही वेळ नोव्हेंबरच्या मध्यावर येते, आणि जानेवारी संपता संपता पुन्हा अंधूक उजळायला लागते. म्हणजे खरा काळोख साधारण अकरा आठवड्यांचा. सहा महिन्यांचा काळोख कुठेच नाही.

या लांबलेल्या पहाटेशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतल्या उषासूक्तांचा अर्थ लावताना तिचाच आधार घेतला होता. आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होते हा त्यांचा निष्कर्ष पुढे विद्वानांनी स्वीकारला नाही, मलाही तो पटत नाही. पण ध्रुवबिंदूवर काय दिसेल आणि ध्रुवाभोवतालच्या पट्ट्यात काय दिसेल, याची लक्षणे त्यांनी वेगवेगळी मांडून दिली आहेत, आणि ती मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. पुण्यात बसून, तिथे जाण्याची कसलीही सोय नसताना, नुसत्या खगोलाच्या अभ्यासावर त्यांनी हा भेद केला. आज तिथे सहली जातात, आणि आपण तोच भेद गाळून टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा भेद समजायला अवघड नाही. पृथ्वीचा आस साधारण २३.४ अंशांनी कललेला आहे. ९० मधून तेवढे वजा केले की ६६.६ उरतात, तेच ध्रुववृत्त. नुसत्या भूमितीने पाहिले तर ध्रुववृत्तावर वर्षातला एकच दिवस सूर्य न मावळण्याचा. जसजसे उत्तरेला जावे तसतसे असे दिवस वाढत जातात. बोडो हे शहर ६७ अंशांवर, ध्रुववृत्ताच्या जेमतेम उत्तरेला आहे. तिथे मध्यरात्रीचा सूर्य ४ जून ते ८ जुलै असा महिनाभर दिसतो, आणि हिवाळ्यात सूर्य अजिबात उगवत नाही असे तिथे होतच नाही. ट्रोम्सो ६९ अंश ३९ मिनिटांवर, तिथे २० मे ते २२ जुलै. नॉर्थ केप ७१ अंशांवर, तिथे १४ मे ते २९ जुलै. स्वालबार्ड बेटांवरचे लाँगयरब्येन ७८ अंशांवर, तिथे २० एप्रिल ते २२ ऑगस्ट. देश एकच, पण कुठे एक महिना, कुठे दोन, कुठे चार.

आणि राजधानी ऑस्लोत? एकही दिवस नाही. ऑस्लो ६० अंशांवर आहे. २१ जूनला तिथे दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो, सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. आकाश पूर्ण काळे होत नाही हे खरे, पण मध्यरात्री सूर्य दिसणे नाही. बर्गनलाही नाही, ट्रोनहाइमलाही नाही. नॉर्वेची बहुतेक वस्ती ध्रुववृत्ताच्या दक्षिणेलाच आहे.

आमच्या ओळखीच्या कोल्हापूरच्या एका कुटुंबाने मध्यरात्रीच्या सूर्याची सहल म्हणून एका प्रवास कंपनीकडे पैसे भरले. जुलैचा शेवटचा आठवडा, मुक्काम ऑस्लो, बर्गन आणि तिकडच्या खाड्या. छापील पत्रकावर हिरव्या ध्रुवीय प्रकाशाचे मोठे चित्रही होते. घरातल्या आजोबांच्या हौसेखातर मुलाने ही सहल काढली होती. आजोबा रोज रात्री खिडकीत बसून राहायचे. सूर्य मावळायचाच, आणि त्या उजळ आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर तो प्रकाश निर्माण होतो. उन्हाळ्यातही तो होत असतो, पण दिवसा चांदण्या दिसत नाहीत त्याच कारणाने तोही दिसत नाही. ट्रोम्सोत तो पाहायचा तर सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात या काळात जावे लागते. ज्या गावात मध्यरात्री सूर्य आहे त्या गावात त्या दिवशी ध्रुवीय प्रकाश दिसणार नाही. पैसे भरण्याआधी एवढे एक वाक्य जरी त्या कुटुंबाच्या वाचनात आले असते तरी पुरे होते.

मध्यरात्रीचा सूर्य नेमका करतो काय, हेही कुणी लिहीत नाही. जूनच्या शेवटी नातीबरोबर मी एक प्रयोग केला, तो इथे सांगते. शाळेतल्या मुलांना समजेल असा आहे. घरामागच्या गवतावर जावयांची बर्फात चालायची काठी रोवली, जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी. दर तासाला सावलीच्या टोकाशी नातीने एक गोटा ठेवायचा. दुपारी सूर्य दक्षिणेला ४४ अंशांवर होता, तेव्हा सावली काठीएवढीच, उत्तरेकडे पडलेली. संध्याकाळ होत गेली तशी ती पूर्वेकडे वळत लांबत गेली. दहाच्या पुढे सूर्य समोरच्या बेटावरच्या डोंगराआड गेला, तेव्हाचे गोटे ठेवायचे राहून गेले. तो पुन्हा बाहेर आला तेव्हा उत्तरेला पोचत आला होता. रात्री पावणेएक वाजता तो अगदी उत्तरेला, क्षितिजाच्या फक्त तीन अंश वर होता. हात लांब करून दोन बोटे आडवी धरली तर साधारण तेवढीच उंची होते. आणि सावली? ती दक्षिणेकडे सतरा मीटरच्या आसपास गेली होती, गवत ओलांडून शेजाऱ्यांच्या लाकडी खोपटाच्या भिंतीवर चढली होती. “आजी, सावली घराच्या दुसऱ्या बाजूला कशी गेली?” असे नातीने विचारले. सकाळी पाहिले तर गोट्यांनी काठीला पुरता वेढा घातला होता, फक्त तो एका बाजूला फार लांब ओढलेला होता.

तिथे सूर्य या दिवसांत उगवत-मावळत नाही, घाण्याच्या बैलासारखा सगळ्या क्षितिजाला फेरी घालतो. फेरी दक्षिणेला उंच, उत्तरेला ठेंगणी. आणि सर्वांत खाली येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, पावणेएकला. नॉर्वेचे घड्याळ १५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि ट्रोम्सो १९ अंशांवर, म्हणून सूर्य तिथे पाव तास आधी पोचतो. त्यात उन्हाळी वेळ एक तासाने पुढे केलेली. बाराच्या ठोक्याला फोटो काढून पर्यटक परत फिरतात, तेव्हा सूर्य अजून उतरतच असतो.

आपल्या मिरजेत २१ जूनला दिवस तेरा तास आठ मिनिटांचा आणि डिसेंबरातला लहानात लहान दिवस अकरा तास सात मिनिटांचा. वर्षभराची चढउतार सगळी मिळून दोन तासांची. म्हणून दिवसमान बदलते हे आपल्या मुलांना अंगाने जाणवत नाही, ते पाठ करावे लागते. शून्य सावलीचा दिवस मुलांना दाखवावा म्हणून मी नोकरीत असताना फार धडपडले. पण मिरजेत तो येतो मेच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा येतो ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आकाशात ढग. तिकडची मुले मात्र दिवसाची लांबी बदलताना स्वतः पाहतात. लाँगयरब्येनला १६ फेब्रुवारीला सूर्य क्षितिजावर जेमतेम येतो, आणि २० एप्रिलपासून तो मावळतच नाही. शून्यापासून चोवीस तासांपर्यंतचा सगळा पल्ला दोन महिन्यांत, म्हणजे दिवसाला सरासरी तेवीस मिनिटे. आज ज्या वेळी अंधार होता त्याच वेळी पुढच्या आठवड्यात ऊन असते.

आता हिवाळ्याविषयी. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. ट्रोम्सोत २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवत नाही. मी तिथे डिसेंबरात राहणार म्हटल्यावर इथल्या मैत्रिणींना वाटले, मी महिनाभर काळ्या कोठडीत बसणार. तसे नाही. २१ डिसेंबरला, सर्वांत वाईट दिवशीही, दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. जूनमधल्या मध्यरात्री तो जेवढा वर असतो, तेवढाच खाली. त्यामुळे साडेनऊपासून दुपारी दोनच्या आतबाहेर बाहेरची सगळी कामे दिव्याशिवाय होतील इतका उजेड असतो. साडेअकरा वाजता गॅलरीत उभे राहून मी वर्तमानपत्र वाचले आहे. दक्षिणेकडे आकाशाच्या तळाशी गुलाबी-नारिंगी पट्टा, बाकी सगळे निळे, बर्फही निळे. ढग असले तर हे सगळे झाकोळते, आणि दोननंतर मात्र रात्रच. माणसांना त्याचा त्रास होतो, झोप बिघडते, सकाळी उठवत नाही. लेक घरात सगळ्यांना चमचाभर कॉड माशाच्या यकृताचे तेल देते, ती तिथली घरोघरची रीत आहे. बालवाडीतली पोरे अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे घालून अंधारात बाहेर बर्फात खेळतात. आपली शाळा असती तर ‘आत या, आजारी पडाल’ म्हणून आम्ही ओरडलो असतो. तिथे ती रोज बाहेर जातात.

गणिताने ट्रोम्सोत सूर्य १५ जानेवारीला परततो, पण दक्षिणेच्या डोंगरांमुळे शहराला तो दिसतो २१ जानेवारीच्या सुमारास. त्या दिवशी सगळे गाव सूर्यासाठी बाहेर येते. बेकऱ्यांत तळलेले, आत जॅम भरलेले गोल गोड पाव सकाळपासून विकले जातात आणि शाळेतली मुले शिक्षकांबरोबर उंचवट्यावर जातात. आधी शिखरांवर ऊन पडते, ते काही दिवस आधीपासूनच पडत असते. मग दोन डोंगरांच्या मधल्या खाचेत काठ दिसतो. मी उभी होते तिथे तो काही मिनिटेच टिकला. नातीच्या वर्गातल्या एका मुलाने हातमोजे काढून तळवे पुढे धरले होते, ऊन लागते का पाहायला. लाँगयरब्येनला तर १६ फेब्रुवारीला क्षितिजावर आलेला सूर्य डोंगर ओलांडून गावात पोचतो ८ मार्चला. तिथल्या जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर ऊन पडले म्हणजे सूर्य आला असे मानतात. अडीच हजारांच्या आसपास वस्तीचे गाव त्या पायऱ्यांपाशी जमते, मुले गातात आणि आठवडाभर उत्सव चालतो. लाँगयरब्येनचा हिवाळा मात्र खरोखर कठीण. १४ नोव्हेंबर ते २९ जानेवारी तिथे भर दुपारीही ट्रोम्सोसारखा उजेड नसतो.

हवा किरण वाकवते असे वर लिहिले, त्याचा इतिहासातला एक दाखला देते. १५९६ साली विलेम बारेंट्सचे डच जहाज नोव्हाया झेम्ल्या बेटाजवळ बर्फात अडकले आणि खलाशांनी ७६ अंशांवर लाकडी घर बांधून हिवाळा काढला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य गेला. २४ जानेवारी १५९७ रोजी खेरिट डी वेअर आणि सोबत्यांना तो क्षितिजावर दिसला, गणिताप्रमाणे यायच्या सुमारे दोन आठवडे आधी. परत आल्यावर पुष्कळांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पण त्यांनी पाहिले ते खरेच होते. खाली थंड हवा आणि वर उबदार हवा असे थर साचले की किरण त्यांत अडकून पृथ्वीच्या वाकाबरोबर दूरपर्यंत येतात आणि सूर्य कित्येक अंश खाली असतानाही त्याचे बिंब दिसते. या प्रकाराला आता त्या बेटाचेच नाव दिले आहे.

सूर्याबरोबर चंद्रही येतो, आणि हे आपल्या वाचकांना जास्त जवळचे वाटेल. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. त्यामुळे हिवाळ्यात तो आकाशात साधारण तिथून जातो जिथून उन्हाळ्यात सूर्य जातो. परिणामी लाँगयरब्येनला डिसेंबरच्या पौर्णिमेच्या आसपास चंद्र काही दिवस मावळतच नाही, चोवीस तास फिरत राहतो आणि बर्फावर लख्ख चांदणे असते. उलट उन्हाळ्याच्या तोंडाशी तो क्षितिजाखालीच राहतो. मी ट्रोम्सोत असताना मे महिन्यातल्या संकष्टीला चंद्रोदयच झाला नाही. लेकीने मिरजेच्या चंद्रोदयाची वेळ धरून मला जेवायला वाढले. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांपुढे असे साधे प्रश्न उभे राहतात. पंचांगातली वेळ कुठल्या गावची आहे हे पाहण्याची सवय त्यामुळे लागते, ती चांगलीच आहे.

एक प्रश्न मला वर्गात दरवर्षी विचारला जायचा. चोवीस तास सूर्य आहे, मग तिथे उकडत का नाही? वर्षभराची बेरीज केली तर सूर्य क्षितिजाच्या वर असण्याचे तास सगळ्या पृथ्वीवर जवळपास सारखेच भरतात, ध्रुवाकडे उलट थोडे जास्त. २१ जूनच्या चोवीस तासांत वातावरणाच्या वरच्या टोकाला विषुववृत्तापेक्षा उत्तर ध्रुवावर जास्त ऊर्जा पोचते. पण तिथला सूर्य २३.४ अंशांच्या वर कधी जातच नाही. तिरके किरण जाड हवेतून येतात, मोठ्या जागेवर पसरतात, आणि जे पोचतात त्यांतले पुष्कळ पांढरे बर्फ परत पाठवते. उरलेले बर्फ वितळवण्यात खर्च होतात. हिवाळ्यात तर येणे काहीच नाही, जाणे चालूच. हे उत्तर मुलांना सहज समजते. ते समजले की समुद्रावरचे बर्फ कमी झाल्यावर तिकडचे तापमान का वाढत जाते, हेही त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

यात आपला भारतही आहे, आणि तो लेखात एका ओळीनेही आला नाही. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था गोव्यात, वास्कोला आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड इथे २००८ च्या जुलैत भारताने ‘हिमाद्री’ केंद्र सुरू केले. बरीच वर्षे तिथे आपले शास्त्रज्ञ हिवाळा सोडून जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारताचा गट ध्रुवीय रात्रीत तिथे कामाला गेला. त्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या केंद्रांत दरवर्षी माणसे हिवाळा काढतात. ‘मैत्री’त मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवत नाही. इकडे आपली पेरणीची आणि वारीची धांदल चालू असते त्या दिवसांत. २१ जूनला, सर्वांत खोल हिवाळ्यात, अंटार्क्टिकावरची सगळ्या देशांची केंद्रे मोठी मेजवानी करतात, कारण त्यानंतर सूर्य परतीला लागतो. यांतल्या कुणाची मुलाखत आपल्या पुरवणीत आली तर मी शेजारपाजारच्या सगळ्या मुलांना ती वाचून दाखवीन.

वर्तमानपत्रांनी या विषयात जास्त जपायला हवे, असे मला वाटण्याचे आणखी एक कारण आहे. जून २०१९ मध्ये ट्रोम्सोजवळच्या सोम्मारॉय या बेटावरचे लोक घड्याळ रद्द करणार, तिथे पुलावर मनगटी घड्याळे टांगली आहेत, अशी बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. चोवीस तास सूर्य असल्यावर वेळ कशाला पाहायची, अशी त्यामागची कल्पना. काही दिवसांत उघड झाले की ही पर्यटनाची जाहिरात करणाऱ्या, नॉर्वे सरकारच्या मालकीच्या संस्थेच्या पैशाने चालवलेली प्रसिद्धी मोहीम होती. त्या बेटावर मासेमारीच्या बोटी, हॉटेल, मुलांच्या शाळा सगळे घड्याळावरच चालते. ट्रोम्सोतही तसेच. रात्री अकरा वाजता पोरे मैदानात फुटबॉल खेळत असली, शेजारी घराला रंग देत असला, तरी सकाळी आठला सगळे कामावर हजर. घरोघरी जाड काळे पडदे असतात, आणि नातीला साडेआठला पडदे ओढून, बाहेर लख्ख ऊन असताना, झोपवावेच लागते. माझी लेक म्हणते, “आई, मला अंधाराचा नाही, या उजेडाचा त्रास जास्त होतो.” तिथे कायमचे राहणाऱ्या माणसांचे हे म्हणणेही सहलीच्या लेखात यायला हवे.

माझी विनंती अशी. येत्या रविवारच्या पुरवणीत त्या लेखाचा खुलासा छापावा, आणि तो ठळक छापावा. नॉर्वेत सहा महिने रात्र असते हे विधान मागे घ्यावे. जून-जुलैत ध्रुवीय प्रकाश दिसतो हा सल्लाही मागे घ्यावा. सोबत गावांची नावे, अक्षांश आणि तारखा यांचा छोटा तक्ता द्यावा. सहलीला जाणाऱ्यांनी कंपनीला दोनच गोष्टी विचाराव्यात: उत्तरेकडचा शेवटचा मुक्काम किती अंशांवर आहे आणि तिथे आम्ही कोणत्या तारखेला असू. या दोन उत्तरांवरून सूर्य दिसेल की नाही हे कुणालाही सांगता येते. बोडो, ट्रोम्सो, नॉर्थ केप आणि लाँगयरब्येन यांचे दिवसमान मी तारीखवार लिहून ठेवले आहे, आपल्याला हवे असल्यास पाठवते. उन्हाळी सहलींच्या जाहिराती दिवाळीनंतर सुरू होतात, त्याआधी हा तक्ता छापला गेला तर लोकांना त्याचा उपयोग होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त भूगोल शिक्षिका), मिरज